आजारी मांजर : एक अमानत

पाळीव प्राणी ही आपल्याकडे सोपविलेली अमानत आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरली, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे बुखारी व मुस्लिम या हदीससंग्रहांत आले आहे. म्हणून कर्करोग झालेल्या मांजरीला टाकून देणे श्रद्धावंताला शोभत नाही.

केमोथेरपी चालू असता तिच्या मलमूत्रात औषधाचे अंश उतरतात. ते हातमोजे घालूनच उचलावे. गर्भवतीने हे काम करू नये. तिने अन्न सोडल्यास त्वरित पशुवैद्यकास कळवावे, कारण काही दिवसांच्या उपासानेही यकृत बिघडते. माणसाचे पॅरासिटामॉल तिला विषच होय.

उपचार ऐपतीप्रमाणे करावेत. शक्तीबाहेरचा भार अल्लाहने कोणावर टाकलेला नाही. मात्र ऐपत संपली तरी दयेचे कर्तव्य संपत नाही.