सापाचे जेवण : किती आणि केव्हा?



आपल्या बडोद्यात नागपंचमी दोनदा येते. श्रावण शुद्ध पंचमीला आपल्या घरी पाटावर नाग काढून पूजा होते, पुरणाची दिंडे होतात. पंधरा दिवसांनी, वद्य पंचमीला, शेजारच्या गुजराती घरी नागपाचम असते आणि बाजरीच्या कुलेरीची वाटी आपल्याकडे येते. पूर्वी दोन्ही दिवशी गारुडी टोपली घेऊन दारात उभा राहायचा. आता कायद्याच्या धाकाने ते पुष्कळ कमी झाले आहे. तरीही सातवीच्या वर्गात एका मुलीने विचारले, "सर, आपण दूध दिले नाही तर नाग उपाशी राहणार नाही का?" प्रश्न मायेचा होता, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

दूध हे सापाचे अन्न नाही. साप आपल्या पिलांना दूध पाजत नाहीत आणि मोठ्या सापालाही ते पचत नाही. मग टोपलीतला नाग ते पितो कसा? त्याला कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेले असते. तहानेने व्याकूळ झालेला जीव समोर येईल ते पातळ पितो. ते दूध कधी फुप्फुसात जाते. त्यातच दात मोडल्याने तोंडात जखमा झालेल्या असतात. असे बरेच नाग पुढे मरतात.

आता साप जेवतो कसा ते पाहू. त्याला चावता येत नाही; मागे वळलेल्या दातांनी तो भक्ष्य धरून ठेवतो आणि अख्खे गिळतो. खालच्या जबड्याची दोन हाडे हनुवटीपाशी लवचीक बंधाने जोडलेली असल्याने तोंड खूप पसरते. पण तोंडात मावले ते पचेलच असे नाही. म्हणून सर्पोद्यानात किंवा परदेशात साप पाळणारे लोक एक साधे माप वापरतात : सापाचे अंग जिथे सर्वांत जाड, साधारण तेवढ्याच जाडीचे किंवा थोडे बारीक भक्ष्य. लहान सापाला वजनाच्या दहाव्या भागाच्या आसपास खाणे पुरते. म्हणजे ३०० ग्रॅमच्या सापाला ३० ग्रॅमचा उंदीर. पिलाला हे पाच-सात दिवसांनी, मोठ्याला दोन-तीन आठवड्यांनी आणि मोठ्या अजगराला त्याहूनही उशिरा. रोज दोन वेळा जेवणाऱ्या आपल्याला हे क्रूर वाटते. पण सापाचे शरीर बाहेरच्या उन्हावर तापते, आपल्यासारखे अन्न जाळून नव्हे. त्यामुळे त्याचा खर्चच थोडा. अजगराचे आतडे तर दोन जेवणांच्या मधे आक्रसून जाते आणि भक्ष्य पोटात गेले की एक-दोन दिवसांत पुन्हा वाढते.

पचनाला ऊब लागते. थंडीत खायला घातले तर भक्ष्य पोटातच कुजते आणि साप ते उलटून टाकतो. खाल्ल्यावर लगेच त्याला हाताळले तरी तेच. म्हणून जेवणानंतर निदान दोन दिवस सापाला हात लावत नाहीत. उलटी झालीच तर पुन्हा लगेच न भरवता दोनेक आठवडे थांबतात आणि मग लहान भक्ष्य देतात. माया दाखवण्याच्या घाईत इथेच चुका होतात.

भरवणाऱ्याला चावा बसतो तोही बहुधा रागाने नव्हे. साप जिभेने वास टिपतो. अजगराच्या ओठांवर तर ऊब ओळखणारे खळगे असतात. उंदराचा वास लागलेला गरम हात त्याला उंदीरच वाटतो! म्हणून हात धुऊन, लांब चिमट्याने भक्ष्य देतात. एकाच भक्ष्याचे दोन साप दोन टोके धरतात आणि एक दुसऱ्यालाही गिळू लागतो, म्हणून प्रत्येकाला वेगळे भरवतात. जिवंत उंदीर सापाला कुरतडून जखमी करू शकतो, यासाठी मेलेला देणे चांगले. आणि डोळे निळसर धूसर झाले की समजावे, कात टाकायची वेळ आली आहे. तेव्हा साप खात नाही. ते आजारपण नव्हे.

पालकांनी एक लक्षात घ्यावे. नाग, धामण, अजगर असे आपले साप पकडणे वा पाळणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. २०२२च्या दुरुस्तीने अनेक परदेशी जातींसाठीही नोंदणी आवश्यक झाली. वरची मापे घरी प्रयोग करण्यासाठी नाहीत. ज्यांना ही कामे जवळून पाहायची असतील त्यांनी सुटीत पुण्याला गेल्यावर नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ साली सुरू केलेले कात्रजचे सर्पोद्यान जरूर पाहावे. आवारात साप निघाला तर लांब उभे राहून त्याच्यावर लक्ष ठेवा आणि वनखात्याला किंवा सर्पमित्राला बोलवा. डब्यात कोंडून खाऊ घालत बसू नका.

त्या मुलीला मी सांगितले, आठवड्यापूर्वी उंदीर खाल्लेला नाग आज उपाशी नाही. तिने लगेच विचारले, "मग नैवेद्याच्या दुधाचे काय करायचे?" मी म्हटले, पाटावरच्या नागाला दाखवावे आणि मग तूच पिऊन टाकावेस.