भाड्याचे घर : कमीपणा की समंजसपणा?

आपल्या कुटुंबांत निकाहाची बोलणी सुरू झाली की मुलाचे शिक्षण, नोकरी, दीनदारी यांच्या आधी किंवा लगेच नंतर एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘घर स्वतःचे आहे का?’ उत्तर ‘भाड्याचे’ असे आले की बैठकीचा रंग बदलतो. चहा संपतो, सलाम होतो आणि पुढचा निरोप येत नाही. घरी परतल्यावर आई-वडील मुलाला समजावतात, ‘सगळेच कर्ज काढतात, तूही काढ; हप्ता म्हणजे भाडेच समज.’ मुलगा मात्र व्याजाच्या व्यवहारात पडायला तयार नसतो. अशा घरांत आज एक अबोल ताण आहे. त्याचा विचार कुरआन आणि सुन्नतच्या प्रकाशात करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

तरुण भाड्याचे घर का पसंत करतात?

पहिले कारण नोकरीचे बदललेले स्वरूप. आजचा तरुण दोन वर्षे पुण्यात, पुढे मुंबईत, मग कदाचित आखाती देशात असतो. एका गावात कायमचे घर घेणे त्याला पायातील बेडीसारखे वाटते.

दुसरे कारण किमतीचे. हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहू. समजा, मुंबई परिसरात ६० लाख रुपयांची सदनिका आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात किमतीच्या ८० टक्क्यांहून अधिक कर्ज देता येत नाही. म्हणजे १२ लाख रुपये पदरचे हवेत. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरले तर ३ लाख ६० हजार आणि नोंदणी शुल्क ३० हजार. घराचा उंबरठा ओलांडण्याआधीच सुमारे १६ लाख रुपये उभे करावे लागतात. उरलेल्या ४८ लाखांचे कर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ४१,६५५ रुपये येतो. पहिल्या महिन्याच्या या हप्त्यातील ३४,००० रुपये निव्वळ व्याज असते. मुद्दल फक्त ७,६५५ रुपयांनी कमी होते. वीस वर्षांत एकूण परतफेड जवळपास १ कोटी रुपये होते, त्यांपैकी सुमारे ५२ लाख हे व्याज. तशाच घराचे भाडे समजा १६ हजार असेल, तर तरुण मनातल्या मनात काय हिशेब करतो हे वेगळे सांगायला नको.

तिसरे कारण आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे : व्याजाची भीती. ही भीती दुबळेपणाची नाही, ईमानाची आहे. ज्या मुलाच्या मनात ती आहे, त्याच्या आई-वडिलांनी अल्लाहचे आभार मानले पाहिजेत.

‘हप्ता म्हणजे भाडेच’ हे खरे आहे का?

दोन्हींत दरमहा पैसे द्यावे लागतात एवढेच साम्य. शरिअतच्या दृष्टीने हे दोन वेगळे करार आहेत. भाडे म्हणजे ‘इजारा’. घराची मालकी मालकाकडेच राहते, भाडेकरू राहण्याच्या सोयीचा मोबदला देतो. घर कोसळले तर नुकसान मालकाचे असते आणि भाडे थांबते. कर्जाच्या हप्त्यात मात्र बँक पैशावर पैसा घेते. घर राहिले काय किंवा पडले काय, व्याज चालूच राहते. जोखीम न उचलता घेतलेला हा ठरावीक वाढावा म्हणजेच ‘रिबा’.

सूरह अल-बकराच्या आयत २७५ मध्ये अल्लाहने व्यापार वैध आणि व्याज अवैध ठरवल्याचे स्पष्ट सांगितले आहे. तेथे त्या लोकांचा उल्लेखही आहे, जे म्हणत की व्यापारही व्याजासारखाच आहे. ‘हप्ता म्हणजे भाडेच’ हे वाक्य त्याच युक्तिवादाच्या किती जवळ जाते, याचा वाचकांनीच विचार करावा. पुढे आयत २७९ मध्ये व्याज न सोडणाऱ्यांना अल्लाह आणि त्याच्या प्रेषिताकडून युद्धाचा इशारा आहे. सहीह मुस्लिममधील हजरत जाबिर (रजि.) यांच्या हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी व्याज घेणारा, देणारा, ते लिहिणारा आणि त्याचे दोन्ही साक्षीदार यांचा धिक्कार केला व ते सर्व सारखेच असल्याचे सांगितले. म्हणजे ‘आम्ही घेत नाही, फक्त देतो’ ही सबब टिकत नाही.

१९९९ मध्ये युरोपातील एका फतवा परिषदेने तेथील मुस्लिमांना निकडीच्या गरजेपोटी, अन्य मार्ग नसेल तर आणि काही अटींवर गृहकर्जाची सवलत दिली होती, हे खरे आहे. परंतु अनेक उलेमांनी ते मत मान्य केले नाही. शिवाय ज्याला परवडणारे भाड्याचे घर मिळते, त्याला ‘अन्य मार्ग नाही’ असे कसे म्हणता येईल? कोणाची परिस्थिती खरोखरच बिकट असेल, तर त्याने ती विश्वासू मुफ्तींसमोर मांडावी. शेजाऱ्याने कर्ज घेतले, हा पुरावा होत नाही.

इजारा : एक प्रतिष्ठित करार

भाड्याचा व्यवहार कमी दर्जाचा मानणाऱ्यांनी सूरह अल-कसस वाचावी. हजरत मूसा (अलै.) परागंदा होऊन मदयनला पोहोचले, तेव्हा त्यांच्याकडे घर नव्हते आणि पैसाही नव्हता. तेथील एका नेक वृद्धाने आपल्या मुलीचा निकाह त्यांच्याशी लावण्याची तयारी दाखवली. अट होती आठ वर्षांच्या चाकरीची, दहा पूर्ण केली तर ती मूसा (अलै.) यांची मर्जी. त्या पित्याने घराची चौकशी केली नाही. त्याच्या मुलीने या तरुणाचे दोन गुण हेरले होते : सामर्थ्य आणि विश्वासूपणा. आजच्या वधूपित्यांसाठी यात मोठा धडा आहे.

प्रेषित (सल्ल.) हिजरत करून मदीनेत आले, तेव्हा हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरी राहिले. सीरतकारांच्या मते हा काळ सुमारे सात महिन्यांचा होता. तो पाहुणचार होता, भाडे नव्हते. पण अल्लाहचा सर्वांत प्रिय दास दुसऱ्याच्या छताखाली राहिला आणि त्याच्या मोठेपणात कणभरही उणीव आली नाही, हे तर खरेच. मशिदीची जागा सहल आणि सुहैल या दोन अनाथ मुलांची होती. ती विनामूल्य देऊ केली गेली, तरी आपण (सल्ल.) किंमत देऊनच घेतली. पुढे मक्का विजयाच्या वेळी ‘आपण कोठे उतरणार?’ असे विचारले गेले, तेव्हा अकीलने आपल्यासाठी घर ठेवलेच कोठे आहे, अशा आशयाचे उत्तर आपण (सल्ल.) दिले. जन्मगावी विजेते म्हणून परतलेल्या प्रेषितांपाशी तेथे स्वतःचे घर नव्हते!

पत्नीच्या हक्काबाबतही गैरसमज नको. सूरह अत-तलाकच्या आयत ६ मध्ये तलाक दिलेल्या स्त्रियांनाही आपल्या ऐपतीप्रमाणे, आपण राहतो तेथे निवारा देण्याचा आदेश आहे. मग नांदत्या पत्नीचा हक्क तर त्याहून पक्का. परंतु हा हक्क सुरक्षित निवाऱ्याचा आहे, मालकीच्या दस्तऐवजाचा नाही, आणि त्याचे माप पतीची ऐपत हे आहे.

‘हेवी डिपॉझिट’पासून सावध

व्याज टाळण्यासाठी भाड्याकडे वळलेले अनेक जण नकळत दुसऱ्या खड्ड्यात पडतात. मुंबई, मुंब्रा, भिवंडीसारख्या शहरांत ‘हेवी डिपॉझिट’ची पद्धत रूढ आहे. घरमालकाला पाच-दहा लाख रुपये एकरकमी द्यायचे, घरात भाडे न देता राहायचे आणि मुदत संपल्यावर रक्कम परत घ्यायची. वरकरणी येथे व्याज दिसत नाही. पण मालक ती रक्कम वापरतो, म्हणून ती अमानत राहत नाही. ते कर्ज होते. त्या कर्जाच्या बदल्यात भाडेमाफीचा लाभ मिळतो, आणि कर्जावर अटीने घेतलेला लाभ हा रिबाच होय. म्हणूनच उलेमा या पद्धतीला नाजायज म्हणतात. भाडे माफ न करता मोठ्या रकमेपोटी नाममात्र ठेवले, तरी दोष तोच राहतो. शुद्ध मार्ग सरळ आहे : बाजारभावाप्रमाणे भाडे ठरवावे आणि अनामत केवळ सुरक्षेपुरती, माफक ठेवावी.

करार लिहा, नोंदवा, पाळा

सूरह अल-बकराची आयत २८२ ही कुरआनमधील सर्वांत मोठी आयत आहे, आणि तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे व साक्षीदार करणे. तरीही ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून आपण तोंडी व्यवहार करतो आणि मग वर्षानुवर्षे भांडतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी असणे आणि नोंदवणे बंधनकारक असून ही जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर विरुद्ध बाजू सिद्ध होत नाही. शरिअत आणि कायदा येथे एकाच दिशेने बोट दाखवतात.

भाडेकरू बंधूंनो, घर ही तुमच्या हातातील अमानत आहे. भाडे वेळेवर द्या. ऐपत असून देणे लांबवणे हा जुलूम असल्याचे प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले आहे. मुदत संपल्यावर घर अडवून ठेवू नका. ‘कायदा माझ्या बाजूने आहे’ म्हणून दुसऱ्याची मालमत्ता दाबून ठेवली, तर सूरह अल-बकराच्या आयत १८८ मधील मनाई आठवावी. एकमेकांची संपत्ती अन्यायाने खाऊ नये आणि त्यासाठी न्यायाधीशांचा आधार घेऊ नये, असे तेथे बजावले आहे.

घरमालक बंधूंनो, तुमच्याही अंगावर जबाबदारी आहे. अनेक वसाहतींत मुस्लिम नाव ऐकताच घर नाकारले जाते, याचे दुःख आपण नेहमी बोलून दाखवतो. मग आपल्याच मोहल्ल्यात आलेल्या नवविवाहित जोडप्याची अडचण ओळखून भाडे चढवणे किंवा निघताना अनामतीतून खोटी कपात करणे आपल्याला शोभते का? अडचणीतील देणेकऱ्याला सवड द्यावी, अशी शिकवण आयत २८० मध्ये आहे. एखाद्या महिन्याच्या थकलेल्या भाड्यासाठी सामान बाहेर ठेवण्यापूर्वी ती आठवावी.

मग स्वतःचे घर घ्यायचेच नाही का?

असे मुळीच नाही. प्रशस्त घराची गणना प्रेषितांनी (सल्ल.) माणसाच्या सुखाच्या गोष्टींत केली आहे. सूरह अन-नहलच्या आयत ८० मध्ये घराला अल्लाहने दिलेले विसाव्याचे स्थान म्हटले आहे. घराची इच्छा नैसर्गिक आहे, प्रश्न फक्त मार्गाचा आहे. आपल्या देशात व्याजमुक्त बँकिंगची सोय नाही. तसा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केला. तरी काही वाटा खुल्या आहेत.

पहिली वाट बिल्डरकडून थेट हप्त्यांवर खरेदीची. किंमत आधीच निश्चित झाली आणि हप्ता चुकल्यास वाढीव रक्कम लागू होणार नसेल, तर हा वैध व्यापार आहे. दुसरी वाट कुटुंबातील भागीदारीची. दोघे-तिघे भाऊ मिळून घर घेतात. राहणारा भाऊ इतरांच्या हिश्श्याचे भाडे देतो आणि सवडीने एकेक हिस्सा विकत घेतो. सर्व काही लेखी असले, तर नातेही टिकते आणि घरही होते. तिसरी वाट संयमाची. हप्ता आणि भाडे यांतील फरकाची रक्कम उधळून न टाकता हलाल मार्गाने साठवावी, गुंतवावी. येथे तरुणांनाही एक स्पष्ट गोष्ट सांगितली पाहिजे. भाड्याच्या घरात राहून उरलेला पैसा दरवर्षीच्या नव्या मोबाईलवर, हॉटेलांवर आणि लग्नाच्या थाटावर उडत असेल, तर ‘मी व्याज टाळतो’ हे समाधान अपुरे आहे. उधळपट्टी आणि कंजूषी यांच्या मधला मार्ग, जो सूरह अल-फुरकानच्या आयत ६७ मध्ये रहमानच्या दासांचा गुण म्हणून सांगितला आहे, तो व्याज टाळणाऱ्यालाही लागू आहे.

आई-वडिलांसाठी शेवटचा शब्द

ज्याचे दीन आणि चारित्र्य पसंत पडेल त्याला मुलगी द्यावी, अन्यथा समाजात बिघाड माजेल, अशी शिकवण प्रेषितांनी (सल्ल.) दिली आहे. सूरह अन-नूरच्या आयत ३२ मध्ये निकाह करणारे गरीब असतील तर अल्लाह आपल्या कृपेने त्यांना संपन्न करील, असे आश्वासन आहे. तेव्हा पुढच्या बैठकीत ‘घर स्वतःचे आहे का?’ याऐवजी ‘कमाई हलाल आहे का?’ असे विचारून पाहा. व्याजाच्या पैशाने सजलेल्या स्वतःच्या घरात तुमची मुलगी वीस वर्षे हप्त्यांच्या धास्तीत राहावी, की भाड्याच्या दोन खोल्यांत हलाल घास खाऊन शांत झोपावी, याचा निर्णय अंशतः तुमच्या हाती आहे.

आणि ज्या मुलाने केवळ अल्लाहच्या भयाने कर्जाचा अर्ज फाडून टाकला, त्याला टोमणे मारू नका. जो अल्लाहचे भय बाळगतो त्याच्यासाठी तो वाट काढतो आणि कल्पनाही नसेल तेथून त्याला रोजी देतो, हे वचन सूरह अत-तलाकमध्ये (आयत २-३) आहे. आपण सर्वच या दुनियेत मुदतीच्या करारावर राहणारे आहोत. मुदत केव्हा संपेल हे मालकालाच ठाऊक.

अल्लाह आपल्या मुला-मुलींना हलाल रोजी, सुखाचा निवारा आणि व्याजापासून दूर राहण्याचे धैर्य देवो. आमीन.