एक तिजोरी, अनेक किल्ल्या

रायपूरच्या समता कॉलोनीत एक लहानशी गृहनिर्माण संस्था आहे, अशी कल्पना करू. संस्थेच्या बँकखात्यातून पैसे काढावयाचे झाल्यास अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या धनादेशावर लागतात. हा नियम करणाऱ्यास कोणी अप्रामाणिक आहे असे सुचवावयाचे नसते. तिघांच्याही सह्या हव्यात असे ठरविले, तर एकाच्या मृत्यूने पैसा अडकेल. एकाचीच पुरे म्हटले, तर एकाच्या लोभाने तो जाईल. दोन सह्यांचा नियम या दोन्ही संकटांतून वाट काढतो.

कूटचलनाच्या व्यवहारात हीच युक्ती अधिक कठोर रूपाने योजावी लागते. बिटकॉइन किंवा ईथर यांची नाणी कोणत्याही पेटीत नसतात. जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच खातेवहीच्या प्रती असतात आणि कोणत्या पत्त्यावर किती रक्कम आहे, याची नोंद तीत असते. ती रक्कम हलविण्याचा अधिकार गुप्त किल्लीकडे असतो. ही किल्ली म्हणजे एक प्रचंड संख्या होय. दशमान पद्धतीने लिहू गेल्यास सुमारे ७७ अंक भरतील. तिच्या साहाय्याने व्यवहारावर गणिती सही करता येते, आणि ती सही खरी की खोटी, हे किल्ली न पाहताही कोणासही पडताळता येते. बँकेत घोटाळा झाल्यास व्यवस्थापकाकडे दाद मागता येते; येथे व्यवस्थापकच नाही. किल्ली हरवली की रक्कम कायमची कुलूपबंद झाली.

म्हणून किल्ल्या सांभाळणाऱ्या पाकिटास, म्हणजे वॉलेटास, एकीऐवजी अनेक किल्ल्या जोडतात. ईथरच्या खातेवहीवर, म्हणजे इथेरियमवर, हा नियम एका आज्ञावलीत लिहिलेला असतो: ठरलेल्या किल्ल्यांपैकी इतक्यांच्या सह्या जमल्या, तरच रक्कम सोडावी.

ही व्यवस्था अभेद्य वाटते. ती कोठे उघडी पडते, हे मुंबईत उभ्या राहिलेल्या वझीरएक्स या कूटचलन-बाजाराच्या उदाहरणावरून दिसले. १८ जुलै २०२४ रोजी त्याच्या इथेरियमवरील एका पाकिटातून २३ कोटी डॉलरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांचे चलन नाहीसे झाले. त्या पाकिटास सहा किल्ल्या होत्या. पाच वझीरएक्सकडे, तर सहावी लिमिनल या दुसऱ्या कंपनीकडे. वझीरएक्सच्या तिघांनी सह्या कराव्यात व मग लिमिनलने अखेरची सही करावी, अशी पद्धत होती.

वझीरएक्सच्या निवेदनाप्रमाणे, सह्या करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीचाच व्यवहार दिसत होता. सह्या मात्र पडल्या त्या निराळ्याच मजकुरावर. त्या मजकुराचा डाव मोठा विलक्षण होता. त्याने रक्कम मागितली नाही. रक्कम राखणारी आज्ञावली दूर सारून तिच्या जागी चोरांची आज्ञावली बसविली. पुढे कोणाच्या सहीची गरजच उरली नाही. दोष कोणाच्या यंत्रणेत होता, याविषयी दोन्ही कंपन्यांचे एकमत झाले नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान व दक्षिण कोरिया यांनी या चोरीचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला. ग्राहकांचे चलन मात्र अडकून पडले. सिंगापूरच्या उच्च न्यायालयाने तडजोडीची योजना मंजूर करून ऑक्टोबर २०२५ मध्ये व्यवहार पुन्हा सुरू होईपर्यंत सव्वा वर्ष लोटले.

आपल्या कल्पित संस्थेकडे पुन्हा वळू. दोन्ही पदाधिकाऱ्यांनी धनादेश स्वतः न वाचता, एकाच कारकुनाने वाचून दाखविलेल्या मजकुरावर विसंबून सह्या केल्या, तर त्या दोन सह्यांची किंमत एका सहीहून अधिक नाही. किल्ल्या अनेक असल्या, तरी डोळे एकच होते!

२१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या परदेशी बाजारातून सुमारे दीडशे कोटी डॉलरांचे ईथर याच रीतीने गेले. तेथेही सह्या अनेकांच्याच होत्या, आणि ज्या पानावरून त्या होत असत ते पानच बदललेले होते. किल्ली ठेवण्याच्या छोट्या उपकरणावर खरा व्यवहार दिसतो खरा, परंतु पुष्कळदा तो अक्षरे व अंक यांच्या एका लांबलचक माळेच्या रूपाने. ती वाचून काय बोध होणार? म्हणून आता प्रत्येकाने व्यवहाराचा हा गणिती ठसा आपापल्या, इतरांहून वेगळ्या संगणकावर स्वतः काढावा आणि उपकरणावरील माळेशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा, असे जाणकार सांगतात. एक अक्षर जुळले नाही, तरी सही करावयाची नाही.