संकेतस्थळाचे शोधन : मानकांनुसार पुनर्रचनेचा एक अनुभव

आपल्या त्रैमासिकात सहसा द्रव्य, कल्प आणि चिकित्सा यांचीच चर्चा होते. संगणकाचा विषय येथे उपरा वाटण्याचा संभव आहे. तथापि आज रुग्णाच्या हाती जाणारी सूचना कागदावरून जाते, तशीच मोबाईलच्या पडद्यावरूनही जाते. आणि ती विपरीत पोचली तर त्याचे फळ रुग्णाच्या शरीरालाच भोगावे लागते. हे मला २०२४ च्या उन्हाळ्यात एका रुग्णामुळे कळले. म्हणून आरंभ रुग्णवृत्तानेच करतो.

रुग्णवृत्त

पुरुष, वय ७१, सेवानिवृत्त शिक्षक. काचबिंदूमुळे दृष्टी पूर्णतः गेलेली. लक्षणे मलावष्टंभ, आध्मान व कटिशूल. योजना अशी होती : हिंग्वाष्टक चूर्ण दोन्ही जेवणांच्या पहिल्या घासाबरोबर तुपातून, गंधर्वहरीतकी रात्री झोपताना कोमट पाण्याबरोबर आणि दशमूलारिष्ट दोन्ही जेवणांनंतर समभाग पाण्यातून. गुरुजी एकटे राहतात. चिठ्ठी वाचून दाखवणारे घरी कोणी नाही, हे लक्षात घेऊन मीच त्यांना सांगितले होते, "हीच योजना माझ्या संकेतस्थळावर वातानुलोमनाच्या पानावर आहे, मोबाईलवर ऐका." त्यांचा मोबाईल पडद्यावरचा मजकूर मराठीत वाचून दाखवतो.

नवव्या दिवशी मुलगा त्यांना घेऊन आला. दिवसातून पाच-सहा वेळा द्रव मलप्रवृत्ती, मुखशोष, उठताना भोवळ. विचारता कळले की ते गंधर्वहरीतकी दोन्ही जेवणांच्या पहिल्या घासाबरोबर तुपातून घेत होते. मी थोडा रागावलोच. ते शांतपणे म्हणाले, "वैद्यबुवा, जसे ऐकले तसे घेतले," आणि त्यांनी मोबाईल माझ्या टेबलावर ठेवून ते पान लावले. आवाज आला : "चित्र. गंधर्वहरीतकी. दशमूलारिष्ट. दोन्ही जेवणांच्या पहिल्या घासाबरोबर, तुपातून. रात्री झोपताना, कोमट पाण्याबरोबर. दोन्ही जेवणांनंतर, समभाग पाण्यातून."

नावे दोन आणि सेवनकाल तीन. गुरुजींनी पहिल्या नावाला पहिला काल लावला होता, आणि त्या पानावरून दुसरे काही निष्पन्नही होत नव्हते. औषधे थांबवून लाजामंड व विश्रांती यांनी तिसऱ्या दिवशी त्यांना बरे वाटले. दोष रुग्णाचा नव्हता, द्रव्याचाही नव्हता.

हेतू

ते पान मी २००४ साली पुतण्याच्या साहाय्याने तयार केले होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे सारे पान एका अदृश्य तक्त्यात बसवले होते. औषधांची नावे एका चौकटीत एकाखाली एक लिहिली होती आणि सेवनकाल शेजारच्या चौकटीत तसेच एकाखाली एक. डोळ्याला ओळी समोरासमोर दिसत, म्हणून नाव आणि काल यांचा संबंध मनात जुळे. यंत्र मात्र पहिली चौकट संपवून दुसरीकडे जाते. त्याच्या लेखी तेथे संबंध नव्हताच. शिवाय हिंग्वाष्टकाचे नाव शोभेसाठी नक्षीदार अक्षरांचे चित्र म्हणून लावले होते आणि त्या चित्रास पर्यायी मजकूर दिलेला नव्हता. चित्रातील अक्षरे डोळ्यांसाठी अक्षरे असतात. श्रवणासाठी ते केवळ "चित्र".

डोळस रुग्णास हा धोका नाही असे समजू नये. फार्मसी चालवणाऱ्या सदस्यांनी सितोपलादि चूर्णाचा पाठ अशाच रीतीने मांडून पाहावा. खडीसाखर १६, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १ भाग. नावे एका चौकटीत, अंक दुसरीत. मोबाईलच्या अरुंद पडद्यावर "वंशलोचन" यापुढे कंसातील पर्यायनाम येऊन त्याच्या दोन ओळी झाल्या, की पुढचे सर्व अंक एकेक पायरी वर सरकतात आणि ४ भाग पिंपळीपुढे न दिसता वंशलोचनाच्या दुसऱ्या ओळीपुढे दिसतात. संगणकावर तपासलेले पान मोबाईलवर पाठभेद निर्माण करते, आणि मालकास त्याचा पत्ताही नसतो.

मानके म्हणजे काय

वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था स्थापन केली. पान कोणत्या खुणांनी लिहावे याचे सर्वसंमत नियम ठरवणे हे तिचे कार्य. पानाची रचना लिहिण्याची भाषा एचटीएमएल आणि त्याचे रूप ठरवणारी भाषा सीएसएस. सीएसएसची पहिली आवृत्ती १९९६ सालीच संमत झाली होती. रंग, आकार व मांडणी यांसाठी तक्त्यांचा दुरुपयोग करण्याचे कारण तत्त्वतः तेव्हाच संपले होते. परंतु ब्राउझर तिचे नियम नीट पाळत नसत, म्हणून आम्हा हौशी मंडळींची जुनी खोड पुढे चालू राहिली. एचटीएमएल५ ही आवृत्ती २०१४ साली मान्य झाली. २०१९ पासून ब्राउझर-निर्मात्यांचा व्हॉटडब्ल्यूजी हा गट आणि ही संस्था मिळून एकच, सतत सुधारत जाणारे मानक मानतात. अपंग वाचकांना पान वापरता यावे यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ साली प्रथम प्रसिद्ध झाली; त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मधील आहे.

रचना आणि रूप यांची फारकत हे या सर्वांचे मर्म. आपल्याला ते परके नाही. पाठ एकच असतो आणि रुग्णाप्रमाणे कल्प बदलतो. कोणास चूर्ण, कोणास वटी, कोणास क्वाथ. तसेच एचटीएमएलमध्ये पाठ लिहावा. मोठा पडदा, मोबाईल, छापील कागद यांसाठी कल्पना सीएसएस करील, आणि ऐकणाऱ्याला पाठ रूपावाचूनही मिळेल. माझ्या जुन्या पानात पाठ आणि कल्प एकत्र कुटले गेले होते.

पुनर्रचना

प्रथम मी संगणक बंद ठेवून सर्व मजकूर वहीत उतरवला. चाळीस पाने निघाली. लिहून काढताना तीन पानांवर एकाच कल्पाची मात्रा निरनिराळी आढळली. ही चूक कोणत्याही मानकाने पकडली नसती. काही दावेही असे सापडले की ते आज लिहिण्यास माझा हात धजणार नाही आणि १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याशीही त्यांचे जमणार नाही. ते सरळ छाटले. मुखपृष्ठावर खलबत्त्याचे एक हलते चित्र फ्लॅशमध्ये केले होते. जानेवारी २०२१ मध्ये फ्लॅश कायमचे बंद पडले. त्यानंतर तेथे केवळ राखाडी चौकोन होता, आणि तीन वर्षे माझे त्याकडे लक्ष गेले नव्हते!

नंतर शीर्षके. जुन्या पानात शीर्षक म्हणजे मोठे, ठळक, लाल अक्षर. यंत्राला त्यातून "येथे विषय बदलला" हे कळत नाही. गुरुजींनी सांगितले की ते मोबाईलवर शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारत जातात. माझ्या पानावर शीर्षकच नसल्याने त्यांना दरवेळी "आपले स्वागत असो" पासून सर्व ऐकावे लागे. एचटीएमएलमध्ये शीर्षकाच्या एक ते सहा पातळ्या आहेत. तंत्रयुक्तींमधील अधिकरण आठवावे. चरकाने सिद्धिस्थानाच्या शेवटच्या अध्यायात छत्तीस तंत्रयुक्ती दिल्या आहेत, त्या ग्रंथाचा अर्थ वाचकास नेमका लागावा म्हणूनच. आठ स्थाने आणि एकशेवीस अध्याय असलेल्या ग्रंथात वाचक हरवत नाही, कारण कशाखाली काय येते हे ठरलेले आहे. पानाचे नाव पहिल्या पातळीवर, त्यातील प्रकरणे दुसऱ्या, पोटप्रकरणे तिसऱ्या पातळीवर द्यावीत. अक्षर लहान हवे म्हणून पहिलीवरून थेट चौथीवर जाऊ नये. अक्षराचा आकार हे सीएसएसचे काम.

तक्ते मी टाकून दिले नाहीत. जेथे माहिती खरोखर तक्त्याची आहे तेथे तक्ताच हवा. एका औषधास एक ओळ. पहिल्या चौकटीत नाव, पुढे मात्रा, काल, अनुपान, प्रत्येक स्वतंत्र चौकटीत. स्तंभांची व ओळींची शीर्षके साध्या चौकटीऐवजी 'टीएच' या खुणेने लिहावीत आणि ते शीर्षक स्तंभाचे की ओळीचे हे 'स्कोप' या गुणाने सांगावे. असे केल्यावर ओळीने ऐकले तरी नावामागून त्याचीच मात्रा येते आणि पडदा अरुंद झाला तरी अंक आपली ओळ सोडत नाही.

चित्रांना 'ऑल्ट' या गुणात पर्यायी मजकूर द्यावा. केवळ शोभेच्या चित्रास तो रिकामा ठेवावा, म्हणजे वाचणारी आज्ञावली ते चित्र ओलांडून पुढे जाते. औषधाचे नाव, मात्रा, दूरध्वनी क्रमांक, दरपत्रक यांपैकी काहीही चित्ररूपात ठेवू नये. पुष्कळ फार्मसी आपले दरपत्रक छायाप्रत काढून चढवतात. ते शोधताही येत नाही आणि ऐकताही येत नाही.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक विशेष सूचना. २००४ साली मी वापरलेला फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवणारा होता. ज्याच्याकडे तो नाही त्यास निरर्थक रोमन अक्षरे दिसत. २०१२ साली मी मजकूर युनिकोडमध्ये आणला, सांगाडा मात्र तोच ठेवला. त्या रूपांतरात "दुसऱ्या", "वाऱ्या" यांतील ऱ्य बिघडून सर्वत्र रफार आला होता. असे शब्द हातानेच तपासावे लागतात. पानाच्या आरंभी भाषा मराठी असल्याचे 'लँग' या गुणात 'एमआर' असे लिहावे. माझ्या पानावर तेथे इंग्रजीची खूण राहून गेली होती, आणि अशा पानास काही आज्ञावल्या इंग्रजी आवाज लावतात. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तेथे याच खुणेमुळे ल आणि श यांची मराठी वळणेही मिळतात.

उरलेले थोडक्यात. पान मोबाईलच्या रुंदीस बसावे अशी 'व्ह्यूपोर्ट'ची ओळ घालावी. हिरव्यावर केशरी अक्षरे नकोत. सामान्य मजकूर व पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेत किमान साडेचारास एक हे प्रमाण हवे. सरकती पट्टी काढून टाकावी. रुग्ण आपली लक्षणे लिहून पाठवत असतील तर संकेतस्थळ सुरक्षित जोडणीवरच असावे. ती गोपनीयता चिठ्ठीच्या गोपनीयतेहून वेगळी नाही.

परीक्षण

मानकसंस्थेची एक विनामूल्य तपासणी-सेवा आहे. पान दिले की ती चुकांची यादी देते. माझ्या मुखपृष्ठाने १४३ चुका दाखवल्या आणि मी हबकलो. परंतु उपद्रव मोजत बसू नये, मूळ व्याधी पाहावा. एक खूण मिटायची राहिली की तिच्यामुळे पुढे वीस चुका दिसतात. वरची पहिली चूक दुरुस्त करून पुन्हा तपासावे, असे करत मी दोन संध्याकाळी शेवटास पोचलो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गुरुजींना घातक ठरलेला तो तक्ता या सेवेला खटकला नव्हता. पर्यायी मजकूर नसल्याची चूक तिने दाखवली. नाव आणि काल यांची ताटातूट दाखवली नाही, कारण खुणांच्या व्याकरणात ती चूकच नव्हे. तयार साच्यांवर संकेतस्थळ करून घेणाऱ्यांनीही हे ध्यानी ठेवावे. साचा निर्दोष असला तरी आत मजकूर कसा भरावा हे आपल्याच हाती राहते.

म्हणून नवी पाने मी गुरुजींना ऐकवली. पहिल्याच तक्त्यात ते अडले. मी सवयीने "१-०-१" लिहिले होते आणि मोबाईल म्हणाला, "एक शून्य एक." गुरुजींनी विचारले, "एकशे एक गोळ्या का हो?" आता तेथे "सकाळी एक, रात्री एक" असे लिहिले आहे. चाळीसपैकी सव्वीस पाने झाली आहेत. उरलेल्या चौदांत रसकल्पांची पाने आहेत. तेथे मात्रा मिलिग्रॅममध्ये असल्याने ती पुरी होईपर्यंत संकेतस्थळावरून उतरवून ठेवली आहेत.