घटक ४ : बांधकाम करारातील क्षतिपूर्ती आणि सामायिक प्रकल्प विमा

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• क्षतिपूर्ती, हमी आणि विमा या संज्ञांतील भेद स्पष्ट करता येईल.
• सामायिक प्रकल्प विम्याचे स्वरूप व मर्यादा सांगता येतील.
• पुनर्विकास करारनाम्यातील क्षतिपूर्तीचे कलम चिकित्सकपणे वाचता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण करारनाम्याच्या भाषेची सर्वसाधारण वैशिष्ट्ये पाहिली. आता त्या भाषेचा माणसाच्या आयुष्याशी येणारा संबंध पाहू.

वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटर लांबीची मुंबई मेट्रोची पहिली मार्गिका ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. तिचे काम चालू असताना सप्टेंबर २०१२ मध्ये अंधेरी पूर्वेला बांधकामाचा काही भाग कोसळून एका मजुराचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. अशा प्रसंगी प्रश्न उभा राहतो : भरपाई कोणी द्यायची? मोठ्या बांधकामावर मालक, मुख्य ठेकेदार, पोटठेकेदार, सेंट्रिंगवाले, क्रेनचा मालक आणि मजूर पुरवणारा मुकादम अशी लांब साखळी असते. अपघातानंतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. हा वाद मिटवण्याची सोय करारनाम्यातील काही वाक्यांत आधीच करून ठेवायची असते.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ क्षतिपूर्ती आणि हमी

स्वतःच्या किंवा अन्य कोणाच्या वर्तनामुळे होणाऱ्या हानीपासून दुसऱ्या पक्षाला वाचवण्याचे वचन म्हणजे क्षतिपूर्तीचा करार, अशी व्याख्या भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२४ मध्ये आहे. व्यवहारात आपण त्याला इंडेम्निटी बाँड म्हणतो. कलम १२६ मधील हमी याहून वेगळी आहे. तीत धनको, ऋणको आणि हमीदार असे तीन पक्ष असतात.

हानी प्रत्यक्ष सोसल्यावरच भरपाई मागता येते का? या प्रश्नाचे प्रसिद्ध उत्तर मुंबईच्याच एका बांधकामातून मिळाले. गजानन मोरेश्वर विरुद्ध मोरेश्वर मदन या खटल्यात वादीने महापालिकेकडून भाडेपट्ट्याने मिळालेला भूखंड प्रतिवादीला दिला होता. प्रतिवादीने तेथे इमारत उभारली, पण बांधकाम-साहित्य पुरवणाऱ्याचे पैसे थकले. त्यापोटी वादीने भूखंड दोनदा, प्रत्येकी ५,००० रुपयांसाठी, गहाण ठेवला. वादीने अद्याप काहीच भरलेले नाही, म्हणून दावा अकाली आहे, असा बचाव प्रतिवादीने घेतला. १९४२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती चागला यांनी तो अमान्य केला. दायित्व निश्चित झाले असेल, तर प्रत्यक्ष पैसे भरण्यापूर्वीही त्यातून मुक्त करण्याची मागणी करता येते, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

४.३.२ मजुराचा हक्क

कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ च्या कलम १२ नुसार ठेकेदाराच्या मजुराला मुख्य मालकाकडूनही भरपाई मागता येत असे. ती दिल्यावर मालक ठेकेदाराकडून क्षतिपूर्ती घेऊ शकत असे. हा कायदा पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला. यातील क्रम ध्यानात घ्या. आधी पीडिताला भरपाई, मग आपसांतील हिशेब. मालक व ठेकेदार यांच्यातील क्षतिपूर्तीचे कलम मजुराचा हक्क हिरावून घेऊ शकत नाही.

४.३.३ सामायिक प्रकल्प विमा

वचन देणाऱ्याकडे पैसाच नसेल तर क्षतिपूर्तीचे वचन कागदावरच राहते. ही उणीव विमा भरून काढतो. मात्र प्रत्येक ठेकेदाराने निराळी पॉलिसी घेतली, तर एका विमा कंपनीने भरपाई द्यायची आणि मग दोषी पोटठेकेदारावर वसुलीचा दावा लावायचा, असे चक्र सुरू होते. वसुलीच्या या हक्काला सब्रोगेशन म्हणतात.

यावरील उपाय म्हणजे संपूर्ण प्रकल्पासाठी एकच पॉलिसी घेऊन मालक, ठेकेदार व पोटठेकेदार या सर्वांना तीत विमाधारक म्हणून नोंदवणे. परदेशांत याला रॅप-अप विमा म्हणतात. आपल्याकडे सीएआर, म्हणजे ठेकेदाराच्या सर्व जोखमींची पॉलिसी, अशी संयुक्त नावांनी घेता येते. विमा कंपनी सामान्यतः आपल्याच विमाधारकावर वसुलीचा दावा लावू शकत नाही, त्यामुळे आपसांतील भांडणे कमी होतात.

परंतु ‘सर्व जोखमी’ हे शब्द फसवे आहेत. सीएआर पॉलिसीचा एक भाग बांधकामाच्या हानीचा, तर दुसरा त्रयस्थांबद्दलच्या दायित्वाचा असतो. कामावरचा मजूर या अर्थाने ‘त्रयस्थ’ ठरत नाही. रस्त्याने जाणारा पादचारी त्या भागात येतो, परांचीवरचा मजूर येत नाही. त्याच्यासाठी वेगळे विमासंरक्षण घ्यावे लागते.

४.३.४ पुनर्विकासाचा करारनामा

बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील अनेक गृहनिर्माण संस्था आज पुनर्विकासाच्या मार्गावर आहेत. कदाचित तुमचीही असेल. पुढील दोन वाक्ये ताडून पाहा.

(अ) विकासक संस्थेस सर्व हानीपासून निर्धोक ठेवील.
(आ) विकासक, त्याचे ठेकेदार व पोटठेकेदार यांच्या कृतीमुळे वा हयगयीमुळे संस्थेवर येणाऱ्या सर्व दाव्यांची, न्यायालयीन खर्चासह, भरपाई विकासक करील. आणि प्रकल्प विम्यात संस्थेचे नाव विमाधारक म्हणून नोंदवील.

पहिले वाक्य भारदस्त आहे, पण कोणाच्या कृतीमुळे आणि कोणता खर्च, याविषयी मौन बाळगते. दुसरे वाक्य लांब आहे, पण वादाला कमी जागा ठेवते. मुदतही तपासावी. रेरा कायदा, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातील दोष निदर्शनास आणल्यास प्रवर्तकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. विमा पॉलिसीची मुदत मात्र त्याआधीच संपलेली असू शकते.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. क्षतिपूर्ती आणि हमी यांतील पक्षांची संख्या सांगा.
२. सामायिक विम्यामुळे सब्रोगेशनचे दावे का कमी होतात?

४.४ सारांश

क्षतिपूर्ती भार कोणी उचलायचा हे ठरवते. विमा तो भार उचलण्याचे बळ देतो. दोहोंचा मेळ नसेल तर भार अखेरीस साखळीतील सर्वांत दुबळ्या माणसावर, म्हणजे मजुरावर किंवा सदनिकाधारकावर पडतो. म्हणून सही करण्यापूर्वी पुढील चार गोष्टी शोधाव्यात : कोणाच्या कृतीबद्दल, कोणत्या हानीबद्दल, किती काळ आणि कोणाच्या पैशातून.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘सर्व जोखमी’ या शब्दप्रयोगाच्या मर्यादा सोदाहरण स्पष्ट करा.
२. क्षेत्रीय कार्य : परिसरातील एखाद्या संस्थेचा पुनर्विकास करारनामा संमतीने मिळवून त्यातील क्षतिपूर्तीचे कलम सोप्या मराठीत पुन्हा लिहा.