मनाचे मडके

राग आला की आपण काय म्हणतो? 'त्याने मला राग आणला.' जणू काय राग ही त्याच्या घरची वस्तू होती आणि तो ती आपल्या दारात टाकून गेला! खरे म्हणजे राग आपल्यातच होता. त्याने नुसती टिचकी मारली. पण हे कबूल करायला मन चटकन तयार होत नाही. आज आपण याच गोष्टीचा थोडा विचार करू.

या विषयाचा उत्तम पाठ गोरोबाकाकांच्या घरी मिळतो. कथा सर्वांच्या ओळखीची आहे. तेरला संतमंडळी जमली होती. थापटणे पाहून मुक्ताबाईंनी विचारले, काका, हे कशाला? काका म्हणाले, मडके कच्चे की पक्के ते याने कळते. मग आम्ही कच्चे की पक्के तेही पाहा की, असे मुक्ताबाई म्हणाल्या. काकांनी थापटणे उचलले आणि ते एकेकाच्या डोक्यावर मारीत चालले. बाकीचे शांत बसले. नामदेवराय मात्र चिडले. काकांनी निकाल दिला, हे मडके कच्चे!

आता कुंभाराची रीत पाहू. आव्यात नीट भाजलेले मडके वाजवले की खणखणते. कच्चे राहिलेले बद्द वाजते. चांगलावाईट आवाज काही थापटण्याच्या पोटात नसतो. मडके जसे असेल तसे ते वाजते. दुसरे असे की, न भाजलेल्या मडक्यात पाणी भरले तर त्याचा चिखल होतो. भाजलेल्याचा होत नाही. माती मात्र दोघांची एकच. म्हणजे कच्चे ते वाईट असे नव्हे. त्याला अजून आव्यात जायचे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

नामदेवरायांचा जन्म १२७० चा आणि ज्ञानेश्वरमहाराजांची समाधी १२९६ ची. तेव्हा हा प्रसंग घडला त्या वेळी नामदेवराय ऐन तरुण होते, आणि देव त्यांच्याशी बोलतो अशी त्यांची ख्याती होती. त्यांना राग आला, पण रागाच्या खाली काय होते? अपमान. आणि अपमानाच्या खाली? मी देवाचा लाडका, माझी परीक्षा घेणारे हे कोण, हा अभिमान. राग हा नेहमी असा वरचा थर असतो. घरात सून चार शब्द उलट बोलते आणि सासूबाई दिवसभर धुमसतात. त्या रागाच्या खाली पुष्कळदा भीती असते, की आता या घरात मला कोण विचारणार? भावाने बांध कोरला. जमीन गेली हातभर, पण सलते ते 'सख्ख्या भावाने केले' हे. रोगाचे नाव चुकले की औषध चुकते. बांधाचा निकाल कचेरीत लागेल. भावाने दुखावलेल्या मनाचा निकाल तिथे कसा लागणार? म्हणून रागाला त्याचे खरे नाव विचारणे, ही आत्मशोधाची पहिली पायरी.

नामदेवरायांचे मोठेपण पुढेच आहे. ते रुसून पंढरीला गेले, देवापाशी गाऱ्हाणे घातले. देवानेही काकांचाच निकाल कायम केला. तो त्यांनी ऐकला आणि औंढा नागनाथला विसोबा खेचरांपाशी जाऊन शिष्य झाले. पुढे ते पंजाबपर्यंत गेले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. जे मडके कच्चे ठरले, त्यातलेच पाणी इतक्या दूरच्या लोकांनी प्यायले!

आजच्या मानसशास्त्रात या विषयाला 'भावनिक बुद्धिमत्ता' म्हणतात. १९९० साली पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या अमेरिकन अभ्यासकांनी तिची व्याख्या केली. स्वतःच्या व दुसऱ्यांच्या भावना ओळखणे, त्यांतला फरक जाणणे, आणि त्या जाणिवेने आपला विचार व वागणूक यांना वळण देणे, असा तिचा सारांश आहे. १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने हा शब्द घरोघर गेला. शास्त्र आणि संतकथा एकच, असे आम्ही म्हणत नाही. पण आरंभ दोन्हीकडे ओळखण्यापासून आहे.

आता कोणी विचारील, 'म्हणजे बुवा, राग मुकाट्याने गिळायचा काय?' नाही. वारीत याचे उत्तर आहे. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामावर संध्याकाळी समाजआरती होते. सगळ्या दिंड्यांचे टाळ चालू असतात. चोपदार दंड वर करतात आणि एवढा समाज क्षणात निःशब्द होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिकडे जातात, म्हणणे ऐकून घेतात, समजूत काढतात; तेव्हा तो टाळ थांबतो आणि पुढचे काम चालते. पाहा, तक्रार दाबली नाही आणि वाटेत धक्काबुक्कीही झाली नाही. तिला वेळ दिला, जागा दिली, ऐकणारा दिला.

असा एक चोपदार आपल्या मनातही नेमावा. रात्री अंथरुणाला पाठ टेकण्यापूर्वी त्याने तीन प्रश्न विचारावेत. आज थापटणे कुठे लागले? आवाज कशाचा आला, रागाचा, भीतीचा, मत्सराचा की दुःखाचा? आणि ज्याच्यावर आपण चिडलो, त्याला आज कोणाचे थापटणे लागले होते? हा तिसरा प्रश्न विसरू नये. त्याचे उत्तर शोधताना पुष्कळदा निम्मा राग तिथेच उतरतो.

एक पथ्य मात्र सांभाळावे. ही विद्या थोडी आली, की थापटणे हाती घेऊन दुसऱ्यांची डोकी वाजवण्याचा मोह होतो. हा चिडका, तो मत्सरी, ती कच्ची! मुक्ताबाईंनी 'यांना पाहा' असे म्हटले नव्हते, 'आम्हांला पाहा' असे म्हटले होते. आधी आपले डोके पुढे करावे. मडके बद्द वाजले तरी घाबरू नये. कच्चे आहे हे कळले, म्हणजे आव्याची वाट सापडली.