ऐकणाऱ्याचा वाटा

मुलांनो, तुम्हांला आता सफाईने वाचता येते. त्यामुळे वाचता येणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, याचा तुम्हांला कदाचित विसर पडला असेल. पण तुमच्या घरी किंवा शेजारी चार-पाच वर्षांचे एखादे मूल असेल, तर ते पुस्तकाकडे कसे पाहते ते नीट पाहा. चित्रांवरून ते बोट फिरवते, पाने उलटते आणि शेवटी पुस्तक तुमच्या हातात आणून देते. आत गोष्ट आहे हे त्याला ठाऊक असते. परंतु ती बाहेर कशी काढावी हे त्याला कळत नाही. अशा वेळी जो पुस्तक उघडून वाचू लागतो, तो त्या मुलाला फार मोठे काही देत असतो.

वाचून दाखवण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. श्रीधर कवींनी 1702 साली ‘हरिविजय’, 1703 साली ‘रामविजय’ आणि 1712 साली ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ पूर्ण केले. त्या काळी अक्षरओळख असलेली माणसे थोडी आणि पोथ्याही थोड्या. म्हणून एकाने वाचावे आणि साऱ्या आळीने ऐकावे, असा परिपाठ पडला. लिहिता-वाचता न येणाऱ्या असंख्य बायाबापड्यांना आणि त्यांच्या मांडीवरील मुलांना राम, कृष्ण आणि पांडव भेटले ते असे कानांवाटे.

आमच्या घरीही ‘पांडवप्रताप’ होता. सुट्या पानांची ती पोथी लाल रुमालात गुंडाळून फडताळात ठेवलेली असे. दर श्रावणात संध्याकाळी ओसरीवर कंदील लागला, की वडील ती ठवणीवर ठेवून वाचत. आजी जोत्याशी बसून ऐके. तिला अक्षरओळख नव्हती. पण ओवीचे तीन चरण झाले, की चौथा आखूड चरण ती वडिलांच्या बरोबरीने पुटपुटत असे.

1972 सालची गोष्ट. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात आमचे गाव. त्या वर्षी दुष्काळ पडला होता. श्रावण लागला, तरी आभाळातून थेंब गळत नव्हता. वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायला दूर गेले होते. पोथी कोण वाचणार, असा प्रश्न पडला. मी तेव्हा सातवीत होतो. आजी म्हणाली, ‘‘तू वाच.’’ मी मोठ्या ऐटीने पाटावर बसलो. समोर आजी, तिच्या मांडीवर माझा पाच वर्षांचा धाकटा भाऊ आणि भोवती शेजारच्या चार-पाच बाया, असा आमचा श्रोतृवर्ग होता.

पहिले काही दिवस उत्साहात गेले. मग एके दिवशी बाहेर चांदणे पडले होते आणि गल्लीत मुलांचा लपंडाव रंगला होता. त्यांच्या आरोळ्या ओसरीवर ऐकू येत होत्या. माझे लक्ष पोथीतून उडाले. कथा लाक्षागृहाची होती. पांडवांना जाळून मारण्यासाठी दुर्योधनाने वारणावतात लाखेचे घर बांधवले, इथपर्यंत मी वाचले. मग मी हळूच दोन पाने एकदम उचलली आणि पुढचे वाचून भराभर अध्याय संपवला. कोणी काही बोलले नाही. मी उठणार, तोच माझ्या भावाने विचारले, ‘‘दादा, घराला आग लागली, मग पांडव बाहेर कसे आले?’’

उत्तर त्या दोन पानांत होते. आणि ती मी वाचलीच नव्हती. पण तसे कबूल करायला मन धजेना. वेळ मारून नेण्यासाठी मी म्हणालो, ‘‘भीमाने लाथ मारून भिंत पाडली.’’ भावाचे डोळे विस्फारले. मी खेळायला पळालो.

दुसऱ्या दिवशी पाहतो तो काय, आमचे धाकटे बंधुराज गोठ्याच्या कुडाला लाथा मारत होते आणि शेजारच्या मुलांना सांगत होते, ‘‘भीमाने अशी भिंत पाडली. आमच्या पोथीत लिहिले आहे!’’ मला हसू आले. पण ते फार वेळ टिकले नाही.

रात्री सगळे निजल्यावर आजीने मला जवळ बोलावले. ती हळू आवाजात म्हणाली, ‘‘काल दोन पाने गेली, होय ना?’’

मी चपापलो. ‘‘तुला कसे कळले? तुला तर वाचता येत नाही.’’

‘‘वाचता येत नाही, ऐकता तर येते! चाळीस श्रावण मी ही पोथी ऐकते आहे. भुयार खणायला विदुराने धाडलेला माणूस काल आलाच नाही. मी त्याची वाट पाहत बसले होते.’’

मी मान खाली घातली. आजी पुढे म्हणाली, ‘‘पोथीवर बसलेल्याला चारचौघांत बोलू नये, म्हणून काल गप्प राहिले. माझे काही बिघडले नाही, बाळ. ते भुयार माझ्या मनात केव्हाचेच खणलेले आहे. पण हा पाच वर्षांचा. तू जे वाचशील तेच याचे महाभारत. याच्या वाट्याचे तू खेळापायी घालवलेस.’’

ती रागावली असती, तर मला बरे वाटले असते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती दोन पाने एकट्याने वाचून काढली आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘‘परवा माझी पाने चुकली. आज तोच अध्याय पुन्हा वाचतो.’’ विदुराने धर्मराजाला संकटाची सूचना दिली, गुप्तपणे एक खणणारा धाडला, त्याने घराखालून भुयार खणले आणि आग लागली तेव्हा कुंतीसह पाचही पांडव त्या वाटेने निसटले, हे सारे मी सावकाश वाचले. माझा भाऊ श्वास रोखून ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, ‘‘म्हणजे विदुराने आधीच सांगून ठेवले होते!’’ भिंत पाडणाऱ्या भीमापेक्षा त्याला हा विदुर अधिक आवडला. मलाही तेव्हाच उमगले, की त्या कथेचे मर्म बळात नव्हते, वेळीच दाखवलेल्या शहाणपणात होते. आणि नेमके तेच मी गाळले होते.

मुलांनो, पुढे अनेक वर्षे मी शाळेत शिकवले. मोठ्याने कसे वाचावे, हे मुलांना सांगताना मला आजीची आठवण होई. इतरांसाठी वाचायचे ते आधी स्वतः वाचून ठेवावे. ज्याला अर्थ कळलेला नाही, त्याच्या वाचनात विराम भलत्याच जागी येतात. जुना शब्द अडला, तर तो गाळू नये. तो तसाच वाचावा आणि लगेच सोपा करून सांगावा. अशाने लहान मुलाच्या कानावर नवा शब्द पडतो आणि तो कोठे शोभतो हेही त्याला कळते. सावकाश वाचावे. मुलाने मध्येच प्रश्न विचारला, तर थांबावे. कारण प्रश्न विचारणारे मूल गोष्टीच्या आत शिरलेले असते. त्याने कालचीच गोष्ट पुन्हा मागितली, तर कंटाळू नये. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही ते घडण्याची वाट पाहणे, यातही मोठा आनंद असतो. आजीला तो चाळीस वर्षे लाभला होता.

सगळीच चांगली पुस्तके ओवीबद्ध असतात असे नाही. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ हे पुस्तक पाहा. फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ते अवघ्या पाच दिवसांत लिहिले आणि 1935 साली ते प्रसिद्ध झाले. त्यात प्रकरणे नाहीत, ‘रात्री’ आहेत. श्याम आपल्या आश्रमातील मित्रांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो, अशी त्याची रचना आहे. हे पुस्तक मुळातच सांगण्या-ऐकण्याचे आहे. म्हणून रोज एक रात्र वाचावी आणि तेथेच थांबावे. उद्याची उत्कंठा मुलाच्या मनात राहू द्यावी.

माझी आजी आज नाही. ओसरीही राहिली नाही. ती पोथी मात्र माझ्या भावाकडे आहे. तो आता आजोबा झाला आहे आणि नातवाला महाभारतातील गोष्टी वाचून दाखवतो. लाक्षागृहाची कथा आली आणि मी जवळपास असलो, की तो क्षणभर थांबून माझ्याकडे पाहतो व हसतो. मग एकही ओळ न गाळता भुयाराची हकिकत वाचतो.

तुमच्याही घरी कोणी धाकटे तुमची वाट पाहत असेल. आज संध्याकाळी एखादे चांगले पुस्तक घेऊन त्याच्याजवळ बसा; आणि त्याच्या वाट्याचे त्याला पुरेपूर द्या.

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाच्या घरी पोथी कोठे ठेवलेली असे?
(आ) 1972 च्या श्रावणात पोथी वाचण्याचे काम लेखकाकडे का आले?
(इ) पांडव लाक्षागृहातून कसे निसटले?

2. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) दोन पाने गाळल्याचे आजीने कसे ओळखले?
(आ) ‘माझे काही बिघडले नाही, बाळ,’ असे आजी का म्हणाली?
(इ) आजी रागावली असती, तर लेखकाला बरे का वाटले असते?

3. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
वेळ मारून नेणे, मान खाली घालणे, श्वास रोखून ऐकणे, मन न धजणे.

4. तुमच्या आवडीच्या पुस्तकातील एक गोष्ट आठवडाभर आधी तयार करून पहिलीच्या मुलांना वाचून दाखवा. त्यांनी कोणते प्रश्न विचारले, ते वहीत लिहा.